पुठ्ठ्याची चव

ओट्यावर धुतलेल्या भांड्यांशेजारी रबराच्या काळ्या रिंगा वाळत पडल्या आहेत. माझ्या नवऱ्याने, अविनाशने, घरी केलेल्या बिअरचं स्टीलचं पिंप पुन्हा एकदा खोललं आहे. त्याच्या मते पिंपात कुठूनतरी हवा शिरते आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आधी त्याने नळी बदलली, मग तोटी. आता रिंगा उकळून झाल्या. एकेक रिंग खिडकीशी धरून तो तिच्यात चीर शोधत बसतो.

मी ती बिअर पिऊन पाहिली होती. छान होती, कडवट, स्वच्छ. तसं म्हटलं तर तो हसला. "तुला काय कळतंय त्यातलं!"

वस्तूंचं बरं असतं. त्या खोलता येतात, नवी रिंग घालून पुन्हा आवळता येतात. जिभेला कुठे आटे असतात? मोठ्या तापातून तो उठला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. ताप जाताना काय घेऊन गेला, हे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

आज सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन तो थांबला. मग दुसरा घेतला.

"अगं, चहाही पुठ्ठ्यासारखाच लागतोय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या रिंगांकडे.

"पाणीच खराब असणार," तो म्हणाला.

"पाणीच असणार," मी म्हणाले, आणि आलं घातलेला, मस्त जमलेला माझा चहा सिंकमध्ये ओतून दिला.