न बुडवलेली नाव

रूपचंद भोईच्या शेवटच्या कामात त्याच्या हाताची खोट नव्हती. हे मी त्याच्या दहाव्याला, तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या घाटावर बोलायला हवे होते. तिथे चाळीसेक माणसे होती. एकजण म्हणाला, माणूस चांगला होता, पण शेवटी शेवटी हात गेला, पर्वणीला नाव गळली. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी चार पायऱ्या वर बसलो होतो. रूपचंदची बायको गुलाबबाई माझ्याकडे बघत होती. मी बोललो नाही. म्हणून आता लिहितो. लिहून काही होणार नाही हे मला माहीत आहे.

मी कोरीटचा. नंदुरबारला इंदरमल शेठच्या आरागिरणीत एकेचाळीस वर्षे लाकूड कापले. पहिली सहा वर्षे हाताच्या करवतीवर. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. मी खड्ड्यात होतो. नंतर मशीन आले. उजव्या हाताचे एक बोट मशीनला गेले.

रूपचंदची ओळख गिरणीतच झाली. तो फळी घ्यायला यायचा तेव्हा फळी उभी धरून पेराने वरपासून खालपर्यंत ठोकायचा, ऐकायचा आणि दहातल्या नऊ परत ठेवायचा. गिरणीतली पोरे वैतागायची. मला तो माणूस आवडला. कामाला वेळ लागतो हे ज्याला कळते त्याच्याशी माझे जमते.

त्याची नाव आजोबाने बांधलेली. पूल नव्हता तेव्हा तापीवरची सगळी ये-जा तिच्यातून. वऱ्हाडे जायची, धान्य जायचे, चाके काढून बैलगाड्या जायच्या आणि बैल मागून पोहत यायचे. आजोबाच्या वेळची तिच्यात आता दोनच लाकडे उरली होती. पुढचे नाक आणि तळाची मधली फळी. बाकी सगळे आधी बापाने, मग रूपचंदने बदललेले. आतली वाकडी लाकडे बाभळीची. ती कापून वाकवत नाहीत. तसे वाकलेले झाड शोधावे लागते. रूपचंद एसटीतून जातानाही बांधावरच्या बाभळींकडे बघत असायचा. कुठल्या गावात कुठल्या बांधावर नावेच्या पोटाला बसेल असा बाक आहे, हे त्याला तोंडपाठ होते.

पूल झाला. मग पत्र्याच्या आणि फायबरच्या इंजिनवाल्या नावा आल्या. रूपचंदच्या नावेला एकच काम उरले. दर बारा वर्षांच्या पर्वणीला पलीकडच्या गावाचे निशाण नदीतून अलीकडे येते. ते लाकडी नावेतूनच आणायचे, आणि नाव रूपचंदच्या घरचीच. आजोबाने आणले, बापाने आणले, रूपचंदने दोनदा आणले. गेल्या वर्षीची पर्वणी आली तेव्हा तो चौऱ्याहत्तरचा होता. पुढची येईल तेव्हा शहाऐंशीचा. हे त्याने माझ्यासमोर एकदाच मोजले. मुलगा भूपेंद्र सुरतला कापडाच्या कारखान्यात. त्याला वल्हे धरता येत नाही. म्हणजे ही फेरी शेवटची. ती त्याला करायची होती. बाकी त्याला काही नको होते.

नावेच्या नऊ फळ्या बदलायच्या होत्या. काठाच्या रेतीवर ओढून ओढून तळ झिजला होता. पर्वणीच्या आदल्या दिवाळीला आम्ही कामाला बसलो ते होळीपर्यंत. शेठने सुट्टीच्या दिवशी मशीन वापरू दिले. नऊ फळ्या मी कापल्या, चौदा फूट लांब, सव्वा इंच जाड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्याइतकाही फरक नाही. आयुष्यात इतके चांगले काम मी केले नव्हते.

आमचे भांडण एकच. लाकूड अजून अर्धे ओले होते. मी म्हणत होतो, सावलीत दोन-तीन महिने तरी वाळू दे. तो म्हणत होता, गरज नाही.

"मिस्तरी, तुले कोरडं लाकूड पाह्यजे, मले ओलं," तो म्हणाला. "तू खाटला कर, मी नाव करस."

लोहाराकडून चौकोनी खिळे घडवून आणले. रूपचंद खिळा आरपार मारायचा, टोक वळवायचा आणि पुन्हा लाकडात ठोकायचा. एका खिळ्याला सतरा-अठरा घाव. तीनशे बारा खिळे. फटींत त्याच मोसमाचा कापूस, मांडीवर वळून दोरीसारखा केलेला, राळ आणि जवसाच्या तेलात भिजवलेला. पाचरीने ठोकून बसवायचा. एका फटीला एक दिवस. त्याने एकदा अख्खी फट उकरून पुन्हा भरली, कारण ठोकताना एका ठिकाणी आवाज वेगळा आला होता. मला तो फरक ऐकू आला नाही. हात गेलेला माणूस असे करत नाही.

होळीच्या आधी नाव पाण्यात लोटली. मला मधोमध बसवले. मला पोहता येत नाही. मी दोन्ही हातांनी काठ आवळला होता. रूपचंद मागून म्हणाला, "काठ धरी ऱ्हायना का करवत?" नाव थेंबभर गळली नाही.

आता बुडवायचे सांगतो, कारण सगळे त्यावरच आहे. आमच्याकडे चैत्र-वैशाखात लाकडाचा जीव जातो. म्हणून तापीवरचे भोई उन्हाळ्यात नाव वापरात नसली की दगड भरून डोहात बुडवून ठेवतात. पाण्याखाली लाकूड फुगलेले राहते, फटी मिटलेल्या राहतात. मृगाच्या सुमारास दगड काढून नाव वर घेतात. दगड आधी मध्ये ठेवायचे, मग पुढे, मग मागे. दगड एकट्याला उचलवेल एवढाच हवा. बुडवताना दोघे मिळून मोठा दगड टाकू शकतात, पण काढताना एकट्याला पाण्याखाली जाऊन तो उचलावा लागतो. हे सगळे त्याने मला त्या हिवाळ्यात सांगितले होते.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी रूपचंद घाटाच्या पायरीवरून घसरला. खुबा मोडला. भूपेंद्र येऊन त्याला ऑपरेशनला सुरतला घेऊन गेला. गाडीत आडवे करताना त्याने माझे मनगट धरले.

"पाडवाना दिन बुडाई दे, मिस्तरी. दगड कसा ठेवाना ते तुले माहीत शे."

मी हो म्हणालो.

पाडव्याला मी नाव बुडवली नाही.

चार माणसे यायला तयार होती. ती मिळाली नाहीत असे मी नंतर एकदोघांना सांगितले, ते खोटे. मी नावेपाशी गेलो, माझ्या नऊ फळ्यांवर हात फिरवला आणि मला ते करवले नाही. एकेचाळीस वर्षे मी लाकडाला पाण्यापासून वाचवले होते. ओली फळी सावलीत ठेवायची, वर ओले गोणपाट टाकायचे, म्हणजे ती सावकाश वाळते आणि फाटत नाही. गिरणीत असेच करतात आणि ते बरोबर आहे. मला वाटले, रूपचंद नावाडी आहे, लाकूड मला जास्त कळते. तो येईल तेव्हा फळ्या हाडासारख्या कडक झालेल्या असतील, मग दोन दिवस पाण्यात ठेवले की झाले. त्याला दाखवीन.

माणसे लावून नाव घाटावरच्या निंबाखाली घेतली. गोणपाटाने झाकली. सकाळी वीस बादल्या, संध्याकाळी वीस. कोरीटहून रोज यायचो. दुपारी त्याच्याच ओट्यावर पडायचो. सत्तर दिवस. अठ्ठावीसशे बादल्या. बुडवायला अर्धा दिवस लागला असता.

गुलाबबाई मुलाकडे गेली नव्हती, घरीच होती. तिने दोनदा विचारले, त्यांनी तर बुडवायला सांगितले होते ना. मी सांगितले, हे त्याहून चांगले आहे. मी मिस्तरी, म्हणून तिने मानले. सुरतहून रूपचंदचा फोन यायचा. पहिल्यांदा मी म्हणालो, उद्या. पुढच्या वेळी त्याने एवढेच विचारले.

"बुडाई का?"

"हो."

वैशाखात वारा सुटला. तो गोणपाटाखालून शिरायचा. मी बादल्या वाढवल्या नाहीत, कारण वाढवायला हात नव्हते. पहिला तडा मी दुपारी ओट्यावरून ऐकला. ओंडका फुटल्यासारखा आवाज. जाऊन पाहिले. माझ्याच फळीला खिळ्यांच्या रांगेतून चीर गेली होती. खिळे टोके वळवून दोन्हीकडून पक्के केलेले, म्हणजे लाकडाला आकसायला जागा नाही, मग ते फाटते. लाकूड पाण्यात राहणार म्हणूनच तो खिळे तसे मारत होता. हे मला तेव्हा कळले. त्या दिवशीही बुडवली असती तर काही वाचले असते. मी आणखी गोणपाट आणले.

रूपचंद ज्येष्ठात आला. रिक्षातून उतरला, वॉकर धरून निंबाखाली आला. मी गोणपाट काढले. वाळलेला कापूस फटींतून लोंबत होता. त्याने एका फटीत बोटे घातली, ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. मग तो वॉकर सरकवत नावेभोवती पूर्ण फिरला. त्याला वीसेक मिनिटे लागली. मी तिथेच उभा होतो. गुलाबबाई म्हणाली, भाऊंनी रोज चाळीस बादल्या पाणी घातले हो, एक दिवस चुकवला नाही.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "इतला पाणीमा तं ती चारदा बुडती."

तेवढेच. शिवी दिली असती तर मला बरे झाले असते.

पर्वणी आषाढाच्या सुरुवातीला होती. गोमाई नदी तापीला मिळते तिथे पाणी संथ असते, तिथे आम्ही नाव सतरा दिवस बुडवून ठेवली. वर काढली तेव्हा जुन्या फळ्यांच्या फटी मिटल्या होत्या. माझ्या नऊपैकी चार फळ्यांच्या चिरा मिटल्या नाहीत. फाटलेले लाकूड फुगते, पण जुळत नाही. नव्या फळ्या कापून, बसवून, फटी भरायला दीड महिना हवा होता. आमच्याकडे सहा दिवस होते. चिरांत कापूस ठोकला, वर पत्रा मारला. रूपचंद बसून काम करत होता, उभे राहता येत नव्हते. पत्रा मारताना त्याने तोंड फिरवले. त्या नावेला आजपर्यंत कोणी पत्रा मारला नव्हता.

पर्वणीच्या सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या काठावर निशाण घेऊन माणसे उभी होती, ढोल ऐकू येत होता. रिकामी नाव घेऊन जायचे आणि निशाण आणायचे. रूपचंदला दोघांनी उचलून मागे बसवले. भोयांची दोन पोरे वल्ह्यांवर. तेलाचा रिकामा डबा घेऊन मी मध्ये बसलो, पाणी उपसायला.

मी डबे मोजत होतो. सवय आहे. साठ डब्यांपर्यंत मी पाण्याच्या बरोबरीने होतो. तिथून पाणी पुढे गेले. पायाचे घोटे बुडाले. प्रवाहात आल्यावर पत्रा एका बाजूने उचलला गेला आणि पाणी आवाज करत आत यायला लागले. एकशे चाळीसला पाणी पिंढऱ्यांना आले. आम्ही नदीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचलो नव्हतो. पोरे रूपचंदकडे बघायला लागली. त्याने पलीकडचा काठ पाहिला, मला पाहिले आणि हाताने वळवायची खूण केली.

घाटाला लागलो तेव्हा मी दोनशे अकरावा डबा टाकला होता.

निशाण पुलावरून आले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. अर्ध्या तासात पोचले. लोक तिकडे धावले. रूपचंद नावेतच बसून होता, पाण्यात पाय, पाठ ट्रॉलीकडे. पंचांपैकी दोघे आले आणि विचारले, काय झाले, आबा? मी तोंड उघडले. त्याच्या आधी तो बोलला.

"मन्हा हातच गया, भो. वय व्हयनं."

त्यांनी ते खरे धरले. मी तोंड मिटले.

आठ दिवसांनी त्याच्या ओट्यावर मी त्याला विचारले, असे का सांगितलेस. तो दोरी वळत होता. मग म्हणाला, "तुन्हं नाव सांगं तं पाणी परत जाई का?" मी म्हणालो, मी सांगतो सगळ्यांना. तो म्हणाला, सांग. अडवले नाही. मी दिवाळीपर्यंत सांगितले नाही. दिवाळीनंतरही नाही. मार्गशीर्षात तो गेला. खुब्याच्या जागी पू झाला होता.

दहाव्याचे वर लिहिले आहे. तेराव्यानंतर भूपेंद्र आईला सुरतला घेऊन गेला. जाताना त्याने विचारले, नावेचे लाकूड कोणाला द्यायचे का. मी म्हणालो, राहू दे. गुलाबबाई गाडीत बसली होती. तिने काच खाली केली, माझ्या बोलण्याची थोडा वेळ वाट पाहिली, मग काच वर केली.

या पाडव्याला मी चार मजूर लावले आणि नाव डोहात नेली. दगड मी स्वतः भरले. आधी मध्ये, मग पुढे, मग मागे. एकेचाळीस दगड लागले. प्रत्येक एकट्याला उचलवेल एवढाच, मी उचलून पाहिला. नाव सरळ खाली गेली, कलली नाही. त्याने सांगितले होते तसेच केले, वर्षभर उशिरा.

जुन्या फटी आता मिटल्या असतील. मृग जवळ आला आहे. नाव वर काढायची तर कोणीतरी खाली जाऊन दगड काढले पाहिजेत. प्रकाशात तीन-चार पोरांना विचारले. एकाने विचारले, काढून करायचे काय?

मला पोहता येत नाही.