भिंतीवरचं नाव

माझे बाबा आजीच्या पोटात असताना आजोबा सिंगापूरच्या लढाईत बेपत्ता झाले. ती रणभूमी बघून बाबा आणि मी काल लंडनजवळ पिनरला घरी परतलो. तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर आजोबांचं नाव सापडलं. बाबा त्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

आजी अजून रोज कुंकू लावते. बेपत्ता म्हणजे गेले नव्हेत, असं ती मानते.

आज सकाळी तिनं विचारलं, "ह्यांचं नाव होतं का रे?"

"नाही, आई," बाबा म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "तू इंजिनियर, तुझी नजर चुकायची नाही. तू सांग."

"सगळी भिंत वाचली, आजी. नाही."

"मग असतील कुठेतरी," ती हसून म्हणाली.

बाबा उठून बागेत गेले.

तुम्ही खरं सांगितलं असतं का?