टाचणी मास्तरांची चादर

माझ्या मोठ्या दिरांना कारखान्यात सगळे टाचणी मास्तर म्हणत. कापड बेतायला घेतल्यापासून शिवून होईपर्यंत ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं सगळं भुवयांनी. एक भुवई वर गेली की 'हो', दोन्ही गेल्या की 'नाही'. दोन्ही भुवया आणि वर एक उसासा म्हणजे समोरचा मूर्ख आहे, आणि तो उसासा बहुतेक माझ्याच वाट्याला यायचा. लग्न त्यांनी केलं नाही. आईवडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला वाढवायचं होतं. तो धाकटा म्हणजे आमचे हे. भाऊजींनी यांना शिकवलं, आमचं लग्न लावून दिलं आणि आम्हाला खोली मोकळी हवी म्हणून स्वतः कारखान्याच्या माळ्यावर राहायला गेले.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीशी मशीनं, मधे कापायचं टेबल. गिऱ्हाईक एकच, सरकारी दवाखाना. चादरी, अभ्रे, रुग्णांचे सदरे. दवाखान्याच्या भांडारातून निरोप यायचा, आम्ही शिवून द्यायचो. मग तिथे नवे साहेब आले. म्हणाले, यापुढे सगळ्यांकडून प्रस्ताव मागवू, ज्याचा चांगला त्याला काम. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण हे काम गेलं की कारखान्याला कुलूप, हे आम्हाला स्पष्ट दिसत होतं.

तयारी माझ्या गळ्यात पडली. सरकारी भाषा पचवेल असं पोट घरात माझंच होतं.

"आपल्या संस्थेची क्षमता विशद करा," मी वाचलं.

भाऊजींनी टाचण्या तोंडातून काढल्या. "म्हणजे काय गं?"

"महिन्याला आपण किती चादरी शिवू शकतो ते."

"मागतील तेवढ्या."

"असं लिहून चालत नाही, भाऊजी."

"मग चालेल तसं लिही. शिवायचं मी बघतो."

आम्ही भिंतींना चुना लावला, लोंबकळणाऱ्या वायरी नीट करून घेतल्या, आग विझवायचं नळकांडं आणून टांगलं. मशीनांचे फोटो काढले. यांनी दवाखान्यात खेटे घालून जुन्या कामाचा दाखला मिळवला. घरात लग्न निघाल्यासारखी धांदल होती, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

शेवटी राहिला नमुना. एक चादर शिवून द्यायची, पण तिच्यावर नाव, शिक्का, कसलीही खूण नको. कोणाची चादर ते न कळता तपासणार होते. भाऊजींनी ती स्वतः शिवली. कारखान्याच्या नावाची पट्टी लावलीच नाही, खडूची रेघसुद्धा झटकून काढली. मग आम्ही तिघांनी ती खिडकीसमोर धरून टोकापासून टोकापर्यंत बघितली. काही नव्हतं. घडी घालून दिली.

प्रस्ताव उघडायच्या दिवशी तिघंही गेलो. तपासणाऱ्या बाईंनी आमच्या चादरीची शिवण बोटांनी ओढून बघितली, मान डोलावली. मग कोपरा उलटला आणि त्या थांबल्या.

"ही फुली कसली?"

पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची, नखाएवढी फुली. फाटलेल्या चादरी दुरुस्तीला परत यायच्या, त्यांतल्या आपल्या कुठल्या ते कळावं म्हणून भाऊजी प्रत्येक चादरीला ती घालत. आपलं पाप आपल्या पदरात, दुसऱ्याचं नको, असं म्हणायचे. आम्ही ती उघड्या डोळ्यांनी बघितली होती. पण आमच्या लेखी ती खूण नव्हतीच, चादर अशीच असते.

"शिवण सगळ्यांत चांगली होती," बाई हळूच म्हणाल्या. "पण नियम आहे." प्रस्ताव बाद झाला.

कारखान्यात पाय ठेवताच हे फुटले. "एकदा, फक्त एकदा हात आवरता आला नाही तुला?"

"अहो, तिघांनी बघितली होती चादर," मी म्हणाले. मला यांचा असा राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

"शिवली कोणी?"

भाऊजींनी टेबलावरची टाचणी उचलून ओठांत धरली. समोर कापड नव्हतं, तरी.

काम संपत आलं तशा शिवणाऱ्या बायका एकेक करून दुसरीकडे लागल्या. हे शाळांचे गणवेश मिळवायला दारोदार फिरू लागले, आणि थोडेफार मिळालेही. ते कापड आलं त्या सकाळी भाऊजी माळ्यावरून उतरले. टेबलाशी गेले नाहीत. शिडीच्या खालच्या पायरीवरच उभे राहिले आणि भावाला नाही, मला विचारलं, "बेतायला येऊ का मी?"

ते टेबल त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलं होतं. मी "अहो, या ना" म्हणणार, तेवढ्यात यांनी कापडावरून मान वर न करता म्हटलं, "नको दादा. तू आता आराम कर."

यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

भाऊजींनी एक भुवई वर केली आणि शिडी चढून गेले.

त्यानंतर ते फक्त जेवायला खाली येत, तेही हाक मारल्यावर.