ज्योत नसलेलं ज्वलन

शाळेत तीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच आपले येऊन कोटाच्या खिशात बसतात. मी रत्नागिरीतल्या आमच्या शाळेचा ड्रॉइंग मास्तर. सायन्सशी माझा संबंध एवढाच, की लॅबमधल्या नळ्या-बाटल्यांची चित्रं फळ्यावर मी काढून द्यायचो. तरीही 'ज्वलन' या एका शब्दाने माझं डोकं जे फिरवलं, ते अजून जाग्यावर नाही. आणि त्याच शब्दाच्या भानगडीत लॅबचा शिपाई धोंडू, चार पोरींचा बाप, नोकरीला मुकायच्या बेतात आला होता.

*

त्या काळात गावात प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधायचा तापच आला होता. आमच्या सायन्सच्या आठल्ये मास्तरांना 'कंबश्चन'ला शब्द हवा होता. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी 'दहन' सुचवला.

"नको," आठल्ये म्हणाले, "पोरं तास संपला की आंघोळीला जातील!"

मग 'ज्वलन' ठरला. अर्थही मास्तरांनीच सांगितला. पदार्थाशी प्राणवायू मिळाला नि उष्णता निघाली, की झालं ज्वलन. कधी जलद, कधी मंद. ज्योत दिसलीच पाहिजे असं काही नाही. इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

*

लोखंड गंजतं तेही मंद ज्वलनच, असं मास्तरांनी वर्गात सांगितलं. दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडच्या भाटे गावचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या बापाचं गलबत होतं. गलबताचा नांगर गंजतोय, म्हणजे जळतोय, हे त्याने घरी सांगितलं होतं.

"मग वडील काय म्हणाले?"

"म्हणाले, तो तर चार वर्षं पाण्यातच आहे, आता आणखी काय ओतू?"

मास्तरांनी तास लवकर सोडला.

*

माणूस श्वास घेतो तेव्हा आत अन्न जळत असतं, हे ऐकून शास्त्रीबुवा चिडले. त्यांची त्या दिवशी निर्जळी एकादशी होती. पोटात काहीच नाही, तर जळतंय काय, असं त्यांनी विचारलं.

"आज तुम्हीच," मास्तर म्हणाले.

शास्त्रीबुवांनी आपल्या काडीसारख्या मनगटाकडे बघितलं. संध्याकाळी त्यांच्याकडे दोनदा वरीचे तांदूळ शिजले, असं मागाहून कळलं.

*

धोंडू हातखंब्याकडचा शेतकरी गडी. लॅबला सफेदी द्यायला त्याने कळीचा चुना भिजवला, तो रटरटायला लागला. "मास्तर, ज्वलन!" तो कौतुकाने म्हणाला. मास्तर म्हणाले, हे ज्वलन नव्हे. तेवढ्यात चुना उडून धोंडूचा हात भाजला. थंडगार गंज म्हणजे ज्वलन, आणि हात भाजला ते ज्वलन नाही, हे त्याला काही केल्या पटेना. खरं सांगतो, मलाही पटलेलं नाही.

*

आणि मग मे महिन्यात लॅबचं कपाट जळालं. बाकांना जवसाचं तेल लावून झाल्यावर त्याच तेलकट चिंध्या धोंडूने त्यात कोंबल्या होत्या. धोंडू विड्या ओढतो हे सगळ्या शाळेला ठाऊक. "आत मी कधीच ओढली नाय," असं तो रडत सांगत होता, पण हेडमास्तरांनी त्याला काढून टाकायचं ठरवलंच होतं.

आठल्ये मास्तर मध्ये पडले. जवसाच्या तेलाचं हवेत मंद ज्वलन होतं, चिंध्या आपोआप पेटतात, असं त्यांनी सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "माझ्यासमोर पेटवून दाखवा. काडी न लावता."

सकाळी त्यांच्याच ऑफिसात खोक्यात तेलाच्या चिंध्या मांडल्या. दुपार झाली, काही होईना. हेडमास्तरांनी धोंडूला काढून टाकायचा कागद पुढे ओढला.

दारात उभा असलेला धोंडू पुढे झाला. दरसाल पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजणारा माणूस तो. असं धुणं वाळत घातल्यासारखं पसरून कसं धुमसेल, म्हणाला. त्याने चिंध्यांचा ढीग केला, हवेला जागा ठेवून वरून दाबला, आणि खोकं उन्हाच्या खिडकीत सरकवलं.

चारच्या सुमारास धूर निघाला. हेडमास्तरांनी घागर मागवली आणि कागद फाडला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्यानंतर मी नि आठल्ये मास्तर लॅबमध्ये चहा पीत बसलो होतो. धोंडू आला आणि उभाच राहिला.

"मास्तर, विडी मी बाहेरच ओढली व्हती. पण थोटूक कपाटात ठेवलं व्हतं. इझवून."

"विझवलं होतंस ना? मग झालं."

धोंडू हलेना. "ज्योत नव्हती, ते नक्की. पण ज्योत नसली तरी ज्वलन असतं, असं तुम्हीच सांगता. मग ते इझलं व्हतं का नव्हतं?"

आठल्ये मास्तर उठले, आणि त्यांनी आधी दार लावून घेतलं.