आण्णांची पाटी आणि उकळणारी गाडी

मंडळी, आज लई खूश हाय!

माझी जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. रेडिएटर साफ केला, नवा पंखा बसवला, तरी केजला निघालं की नेकनूरच्या आधीच उकळायची. कारण मला कळलं होतं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हौसेनं 'वैजनाथ प्रसन्न' अशी भली मोठी पाटी समोरच्या जाळीवर लावलेली. हवा जाणार कुठून? पण देवाची पाटी काढा म्हणायची हिंमत न्हाई!

आज आण्णा सोबत असतानाच गाडी तापली. त्यांनी जाळीपुढं हात धरून बघितला आणि स्वतःच पाना मागितला.

पाटी मागं लावली. केजपर्यंत तापमानाचा काटा हलला न्हाई. एका ट्रकला मागं टाकलं, तसे आण्णा खुदकन हसले, "आता पाटी वाचंल की तो!"

खरं सांगा, तुमच्या गाडीच्या तोंडावर कुणाची हौस बांधलीय?