बॅटरीकाकांचं मत

बॅटरीकाकांनी एखाद्या सिनेमाला "ठीक आहे" म्हटलं, तर तो काढणाऱ्याने स्वतःची पाठ थोपटून घ्यावी. "चांगला" हा शब्द सलूनमधल्या मंडळींनी त्यांच्या तोंडून आजवर दोनदाच ऐकला होता, आणि त्यातला एकदा तो कटिंगबद्दल होता.

चौतीस वर्षं ते एकाच टॉकीजमध्ये दारावर होते. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं आणि बॅटरीचा उजेड जमिनीवर धरून माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं, हे काम. बॅटरी पाच सेलची, पोलादी, हातभर लांब. तिच्यावरूनच नाव पडलं. पुढे टॉकीज बंद झाली, तिथे फरश्यांचं दुकान आलं, बॅटरी मात्र काकांकडेच राहिली. खोलीत पलंगाच्या डोक्याशी खिळ्याला टांगलेली असे. रविवारी ते ती फडक्याने पुसत.

दारावरच्या माणसाला सिनेमा सरळ बघायला मिळत नाही. आधी उशिरा येणाऱ्यांना बसवा, मग कुणाचं पोरगं रडतं म्हणून त्याला बाहेर काढा, मध्यंतराला दारं उघडा. त्यामुळे काकांना शेवट पहिल्या दिवशी दिसायचा आणि सुरुवात चौथ्या. पण पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे बघायची सवय त्यांना तिथेच लागली. ते म्हणत, "खुर्च्या करकरायला लागल्या की समजायचं, खोटं चाललंय. खरं असलं की माणूस खोकायचंसुद्धा विसरतो."

दर शनिवारी सकाळी सलूनमध्ये त्यांचा दरबार भरे. भीडभाड हा प्रकार नव्हताच. एका गाजलेल्या पोलिसी मालिकेबद्दल म्हणाले, "तो इन्स्पेक्टर आठ भागांत एकदाही झोपला नाही, जेवला नाही, आणि दाढी मात्र रोज तेवढीच. माणूस आहे की भिंतीवरचा फोटो?" युद्धाच्या सिनेमात चार गोळ्या लागलेला शिपाई पाच मिनिटं भाषण करतो, त्यावर म्हणाले, "आमच्या मॅनेजरची दाढ दुखली तरी तो दिवसभर खुणेने बोलायचा." नऊशे भाग चाललेली एक मालिका त्यांनी एका वाक्यात निकालात काढली. "एवढी माणसं रोज जेवतात, मग भांडी कोण घासतं?"

सगळ्यात जास्त खार होता तो शेवटी रडणाऱ्या बापांवर. सलूनवाला असल्या एका सिनेमाला डोळे सुजेपर्यंत रडून आला होता. काकांनी त्यालाच धारेवर धरलं.

"तुम्ही रडलात ते संगीत वाजलं म्हणून. आवाज बंद करून बघा. अडीच तास जो माणूस घरात कुणाशी धड बोलला नाही, तो शेवटच्या पाच मिनिटांत कसा सुधारतो हो?"

"सुधारतात काका काही माणसं," सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला.

"सिनेमात."

आणखी एक नियम होता. पडद्यावरची शेवटची नावं सरकून संपेपर्यंत मत द्यायचं नाही. कुणी घाई केली तर ते बोट वर करून गप्प करत.

असा हा तिखट जिभेचा माणूस मुलाकडे राहत होता. मुलगा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर जायचा. सूनबाई सकाळी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची आणि दुपारी घरी असायची. धाकटी मुलगी लांबच्या शहरात मालिका लिहीत होती. तिची आई गेली त्याच महिन्यात ती घर सोडून गेली, एकोणीस वर्षांची असताना. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. ती भावाशी कधीमधी बोले, वहिनीशी जरा जास्त, बापाशी एक अक्षर नाही.

त्या वर्षी डॉक्टरांनी काकांच्या हृदयाची झडप निकामी होत चालल्याचं सांगितलं. या वयात शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. काकांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर चपला काढता काढता सूनबाईला म्हणाले, "ती एकदा येऊन गेली असती तर बरं झालं असतं." अकरा वर्षांत मुलीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. सूनबाईने ते मनात ठेवलं.

महिन्याभराने एका दुपारी तिने टीव्ही लावला. "नवी मालिका आहे, बाबा. सहाच भाग आहेत. बघू तुम्ही काय म्हणताय."

गोष्ट एका बस कंडक्टरच्या घरातली होती. काका पहिल्यांदा खुशीत होते. "बोटं बघ त्याची. तिकिटं फाडून फाडून अशीच काळी पडतात. कुणीतरी नीट बघितलंय." मग त्या कंडक्टरची बायको आली. ती बसताना नेहमी भिंतीला डावी बाजू करून बसत होती, आणि कुणी हाक मारली की आधी मान वळवून उजवा कान पुढे करत होती.

"हिचा डावा कान गेलेला आहे," काका म्हणाले. "वा! कुणी बोललंसुद्धा नाही, नुसतं दाखवलं. असलं बसल्या जागी सुचत नाही. घरात बघावं..."

पुढचे शब्द त्यांनी गिळले. सूनबाईने बघितलं तर ते पडद्याकडे बघतच नव्हते.

"कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"नावं संपेपर्यंत थांबायचं असतं ना?" सूनबाई हळूच म्हणाली.

नावं आली. लेखिकेच्या जागी धाकटीचं नाव होतं, आणि मधे बापाच्या नावाऐवजी आईचं नाव लावलेलं होतं.

"ताईंनीच सांगितलं, तुम्हाला दाखव म्हणून," सूनबाई म्हणाली. "म्हणाल्या, बाबा काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव. बाबा, मी तुमच्या पाया पडते, या एका मालिकेत खोड काढू नका. चांगली आहे म्हणा. मला वाटतं, त्या येतील."

तीन दुपारी त्यांनी मिळून सहा भाग बघितले. कंडक्टर घुमा होता, तापट होता. एकदा त्याने ताट भिरकावलं, एकदा बायकोला ढकललं. शेवटच्या भागात बायको दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत असते. निरोप मिळताच तो भर रस्त्यात बस सोडून धावत सुटतो, पोचेपर्यंत ती गेलेली असते, आणि तो दवाखान्याच्या बोळात लेकीचे हात धरून ढसाढसा रडतो. माफ कर म्हणतो. लेक त्याच्या डोक्यावर हात ठेवते.

सूनबाईने पदराने डोळे टिपले. "बघितलंत? त्यांनी तुम्हाला माफ केलंय, बाबा."

काकांनाही तसंच वाटलं होतं. इतका आनंद झाला की त्या आनंदाची त्यांना लाज वाटली. न मागता, घरबसल्या, पडद्यावर माफी मिळाली होती. आता एक शब्द बोलायचा, आणि मरायच्या आधी पोरगी डोळ्यांनी दिसली असती. तरी त्या दुपारी ते बोलले नाहीत. "सांगतो," एवढंच म्हणाले.

शनिवारी सलूनमध्ये तीच मालिका निघाली. काकांच्या गालाला साबण लावता लावता सलूनवाला सांगू लागला. "काका, तो बाप बघून मला माझा बाप आठवला हो. कितीही तापट असला तरी आतून माणूस चांगलाच असतो. शेवटी पाझर फुटतोच. का नाही?" बाकावरचे दोघं-तिघं माना डोलावत होते. एकाचे डोळे भरून आले होते. काका काहीतरी जहरी बोलतील म्हणून सगळे वाट बघत राहिले. काका आरशात बघत होते. आरशातला साबण लावलेला म्हातारा कुणालाही चांगलाच वाटला असता.

"बोला की, काका. तुम्हालाही आवडलेली दिसते!"

दाढी अर्धी झाली असतानाच ते उठले, टॉवेलने तोंड पुसलं आणि घरी आले.

"सूनबाई, फोन आण. मी बोलतो ते भरून घे आणि तिला पाठव."

सूनबाई आनंदाने फोन घेऊन आली. त्यांच्यासमोर धरला आणि मान हलवली. काका पलंगावर ताठ बसले. दरबारात बसायचे तसेच.

"सहाही भाग बघितले, नावं संपेपर्यंत. कंडक्टरची बोटं बरोबर आहेत. आई बरोबर आहे. मान वळवते ती तर अगदी तशीच. बाप खोटा आहे. तो ताट फेकतो. आपल्याकडे ताट कुणी फेकलं नव्हतं. बॅटरी होती. आणि एकदा नव्हे. शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा. गर्दीच्या शिव्या खाऊन मी मॅटिनी सुटल्यावर जेवायला घरी यायचो, आणि जेवण थंड असलं तरी हात उचलायचो, गरम असलं तरी. तिचा कान त्याच बॅटरीने गेला. लोकांना आपण तापात गेला म्हणून सांगितलं. तीही तेच सांगायची."

फोन धरलेला सूनबाईचा हात खाली यायला लागला होता. काकांनी तो धरून वर केला.

"दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी धावत सुटलो नाही. बुकिंगवाला स्वतः आत येऊन सांगून गेला, की लगेच बोलावलंय. शो संपायला वीस मिनिटं होती. मी म्हटलं, शो सुटू दे. शो सुटला. दारं उघडली, माणसं बाहेर काढली, खुर्च्यांखाली कुणाचं काही राहिलंय का ते बॅटरी मारून बघितलं. मग निघालो. तू बाकावर एकटी बसली होतीस. मी तुझे हात धरले नाहीत. रडलो नाही. घराला कुलूप लावलंस का, असं विचारलं. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. तेव्हा ते शेवटचं रडणं खोटं आहे. तू कशाला त्याच्या डोक्यावर हात ठेवलास? तो तसा माणूस नव्हता. एवढंच मत आहे माझं."

सूनबाई या घरात आल्याला नऊ वर्षं झाली होती. रोज सकाळी बॅटरीच्या त्या खिळ्याखालच्या स्टुलावर ती त्यांचा चहा ठेवत होती.

"हे पाठवू?" तिने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"जसंच्या तसं कळव म्हणाली ना ती."

उत्तर दोन दिवसांनी आलं. सूनबाईने फोन स्टुलावर ठेवला आणि स्वतः दाराशी उभी राहिली. अकरा वर्षांनी काकांनी लेकीचा आवाज ऐकला. थोडा जाड झाला होता, अगदी आईसारखा.

"ऐकलं, बाबा. मी आधी तसंच लिहिलं होतं. टॉकीज, शुक्रवार, बॅटरी, सगळं होतं. 'शो सुटू दे' पण होतं, बुकिंगकाकांनी मला त्याच वेळी सांगितलं होतं. पैसे लावणाऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, इतका वाईट बाप कुणाला खरा वाटणार नाही. लोक पहिल्याच भागात उठून जातील. जरा कमी करा, शेवटी रडवा त्याला. मी नाही म्हटलं. मग त्यांनी शेवट दुसऱ्याकडून लिहून घेतला. ते रडणं माझं नाही. डोक्यावर हात मी ठेवलेला नाही. मला एवढंच बघायचं होतं, की ते रडणं तुम्ही आपलं म्हणून घेता का. नाही घेतलंत. बरं झालं. पण मी येणार नाही."

आवाज थांबला. काकांना वाटलं, अजून काही असेल. त्यांनी बोट वर करून सूनबाईला थांबायला सांगितलं. काही नव्हतं.

"बरोबर आहे त्यांचं," काका शेवटी म्हणाले.

"कुणाचं?"

"पैसे लावणाऱ्यांचं. लोक उठून गेले असते."

काकांनी मान वळवून खिळ्याकडे बघितलं. श्वास लागल्यामुळे त्यांना एका दमात बोलता येईना.

"सूनबाई, तेवढी ती बॅटरी काढ तिथून. कुठेतरी टाकून दे."

ती दारातून पुढे आली. स्टुलावरचा फोन तिने उचलला. बॅटरीला हात लावला नाही.

"तुम्हीच काढा, बाबा," ती म्हणाली, आणि खोलीतून निघून गेली.