हरण्याच्या गळ्याखालचा भोवरा

हे माझ्या तोंडून अजून कुठंच बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, मैत्रिणीजवळ नाही, ज्यांच्यासोबत गावोगाव पत्रकं वाटत हिंडते त्या आमच्या पोरांजवळ तर मुळीच नाही. तशी मी फटकळ. ग्रामसभेत उठून सरपंचांना आडवे प्रश्न विचारणारी. "हिच्या तोंडाला कडी न्हाय" असं जिच्याबद्दल पारावर बोललं जातं, ती. आणि एवढी एकच गोष्ट मात्र — काय सांगू — जिभेवर येते आणि मागे फिरते.

आधी आमचं काम सांगते. टाळतेय, हे मलाही कळतंय. पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. डाळिंबाच्या बागा ज्यांना पाणी आहे त्यांच्या, बाकी सगळं माळ. गाई बहुतेक घरांत आहेत, पण गावठी — बुटक्या, काटक, मिळेल ते खाणाऱ्या. त्यांना मोकाट हिंडणारा कुठलाही वळू लागायचा आणि वासरू व्हायचं ते आईपेक्षा खुजं. कालवडीला दूध नाही, खोंड औताला चालत नाही. मग बाजार. बाजारातून ते जनावर पुढे कुठं जातं हे आम्ही पत्रकात छापतो. गावात कुणी विचारत नाही.

आम्ही पाच-सात जणांनी ठरवलं, की गावासाठी एक चांगला खिलार जातीचा वळू निवडायचा. गायरानात त्याची शेड, वैरण गावानं मिळून घालायची, आणि प्रत्येकानं आपली गाय तिथंच न्यायची. दोन-तीन वेतांत कळपाची हाडं बदलतील. साधा विचार होता. आजही तो बरोबरच वाटतो मला.

पण वळू निवडायचा कसा? आमच्याकडं जाणती माणसं खूर बघतात, वशिंड बघतात, चाल बघतात. ते ठीक. आणि मग सुरू होतं खोड शोधणं. अंगावर केसांचा भोवरा कुठं आहे? कपाळावर असेल तर चालतो, पाठीवर असेल तर जनावर बसकं, औतात बसणारं. आणि गळ्याखाली कातडीची जी पोळी लोंबते, तिच्या आत भोवरा असला — तर तो धनी खातो. म्हणजे ज्याच्या दावणीला तो बैल, तो माणूस मरतो. या एका भोवऱ्यापायी कितीतरी उमदे खोंड कवडीमोलानं जातात.

मी यावर पत्रक लिहिलं. "भोवरा बघू नका, वासरं बघा." केस पोटात असतानाच तसे उगवतात, त्यांना कुणाचं मरण ठाऊक नसतं, असं सोपं करून लिहिलं. रागानंच लिहिलं. कारण मला बघायला आलेल्या एका बाईनं माझी वेणी सोडायला लावली होती. मानेवर भोवरा आहे का बघायला. भर घरात, पाहुण्यांसमोर. त्या दिवशीची मान मला अजून जाणवते — आणि तरीही पुढं मी जे केलं, ते केलं.

हौसाआक्का आमच्या वस्तीच्या पलीकडं राहते. नवरा, महादूदादा, काविळीनं गेला. मूल नाही. घरच्याच गाईचा खोंड होता, हरण्या. महादूदादानं त्याला पोरासारखा वाढवला आणि त्याच्यामागं आक्कानं. पांढरा, काळ्या टोकाची शिंगं, आणि स्वभावानं इतका गरीब की आक्का त्याच्या पोटाखालनं वाकून वैरण ओढायची. त्याची चार वासरं गावात होती. पायांनी भक्कम, डोळ्यांत भीती नाही. वासरं बघून वळू निवडायचा असेल, तर निवड आधीच झालेली होती.

आक्कानं ते पत्रक माझ्याकडून वाचून घेतलं. तिला अक्षर येत नाही. एकदा ऐकलं, परत वाच म्हणाली. मग म्हणाली, "जरा गोठ्यात ये."

तिनं हरण्याची मान वर केली, पोळी बाजूला सारली आणि माझा हात धरून आत नेला. होता. केसांचा घट्ट भोवरा, रुपयाएवढा. महादूदादाला तो हरण्याच्या जन्मापासून माहीत होता म्हणे. तो हसायचा, म्हणायचा, कुणाला दावू नको, आपला हरण्या आपल्याला कशाला खातोय. आणि मग तो गेला.

"खरं सांग बाय," आक्का म्हणाली, "मी ह्याला इकला असता तर आमचं धनी जगलं असतं का?"

कल्पना करा, हा प्रश्न उराशी घेऊन ती त्याच बैलाला रोज वैरण घालत होती. कुणाला विचारणार? मी सांगितलं, नाही आक्का, काविळीनं गेले ते, भोवऱ्याचा काही संबंध नाही. ठाम सांगितलं, पत्रकात लिहिते तसं. ती हरण्याच्या मानेला कपाळ टेकवून उभी राहिली. मग तिनं मला घरात नेऊन धपाटं आणि दही वाढलं. जेवताना दोनदा हसली. त्या दिवशी घरी चालत येताना मला वाटलं होतं, छापलेल्या कागदानं एका माणसाचं तरी ओझं उतरलं. वाटलं होतं की नाही? वाटलंच होतं.

इथपर्यंत मी चांगली आहे. इथंच थांबावं असं आत्ताही वाटतंय.

निवडीत हरण्यासमोर दुसरा वळू बापूंचा होता. बापू म्हणजे गावातले मोठे बागाईतदार. त्यांचा वळू उंचीला जास्त, शर्यतीच्या घराण्यातला, पण अजून एकही वासरू नव्हतं त्याचं. आणि गायरानातल्या शेडला पाणी लागणार होतं. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो. त्यातनं माणसांनाच पुरत नाही. उन्हाळ्यात टिकणारं पाणी फक्त बापूंच्या बोअरला. त्यांनी धमकी वगैरे दिली नाही. निवडीच्या दोन दिवस आधी मला एवढंच म्हणाले, "पाइपलाइन आमच्या बांधावरनं न्यायचीय न्हवं तुमाला? हुं. बघू की."

बघू की. एवढ्यावर मी मोडले. आमच्या पोरांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते चिडले असते, आम्ही भांडलो असतो, कदाचित पाण्याची दुसरी सोय शोधली असती. मला भांडण नको होतं, मला शेड उभी झालेली हवी होती. उद्घाटनाचा फोटो हवा होता. हेही लिहिते, कारण तेही खरं आहे.

निवडीचा दिवस. शाळेच्या पटांगणात दोन्ही वळू, सगळा गाव भोवती. शेवटचा शब्द सुदामतात्यांचा — म्हातारे, जनावरांतले जाणते, त्यांनी हात ठेवला की विषय संपला. आमच्या गटाकडनं त्यांच्यासोबत मी. गावानं आम्हाला एक गोष्ट कबूल केली होती: या वेळी भोवऱ्याच्या खोडी बघायच्या नाहीत. माझ्या पत्रकाचा तो विजय होता.

तात्या हरण्याभोवती फिरले. खूर उचलून बघितले. त्याच्या वासरांकडं बघितलं, आक्कानं हौसेनं त्यांनाही आणवलं होतं. "गरीब हाय," तात्या म्हणाले. "वासरं बी झकास." कुणीतरी मागून म्हणालं, "आक्का, पेढं काढा आता." आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. तात्यांचा हात हरण्याच्या पाठीवर होता आणि तो तिथंच राहणार होता, हे मला दिसत होतं.

आणि मी म्हणाले — हळू, साध्या आवाजात, जसं काही सहज सुचलं —

"तात्या, पोळीखाली हात घालून बघितलात का?"

एवढंच. बास.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं असणार, एवढी पत्रकं छापणारी पोरगी विचारतेय म्हणजे काहीतरी असणार. त्यांनी हात आत घातला. हात थांबला. मग त्यांनी तो बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

धोतराला पुसला, बघा.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एक आवाज आला, "मजी महादू…" आणि वाक्य तिथंच राहिलं. ते पुरं करायची गरजच नव्हती. आक्कानं हरण्याची दोरी दुसऱ्या हातात घेतली. "हाय," ती म्हणाली, "मी कुटं न्हाय म्हनली?" आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ती वाट बघत होती. मी आता बोलेन, गोठ्यात बोलले तसं ठाम, याची वाट.

मला बोलता येत नव्हतं का? तोंडपाठ होतं सगळं. मी म्हणाले, "आमचा यावर विश्वास नाही, पण लोकभावनेचा विचार करावा लागतो."

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी ऐकून चिडत आले होते.

बापूंचा वळू निवडला गेला. पाणी आलं, शेड झाली, फोटो निघाला. त्याची वासरंही बरी निघाली. वाईट निघाली असती तर निवड चुकली म्हणून मला केव्हाच बोलता आलं असतं. हळदीकुंकवाला आक्काला बोलावणं महादूदादा गेल्यापासून नव्हतंच. आता वस्तीवरच्या बायका तिच्या गोठ्याकडनं पाण्याला जाईनात. नवरा खाणारं जनावर माहीत असून बांधून ठेवलं, म्हणे. ज्या प्रश्नातून मी तिला सोडवलं होतं, तोच आता सगळं गाव तिला विचारत होतं. तोंडावर नाही. नुसतं बघून.

माझ्याकडं ती भांडायला आली नाही. एकदा वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, "त्यो कागद हाय का अजून तुज्याकडं? एक दे." मी दिला. का हवा, ते विचारायचं धाडस झालं नाही.

ते पुढच्या बाजारी कळलं. आम्ही सांगोल्याच्या बाजारात पत्रकं वाटायला गेलो होतो. पिकअपच्या आडून मला हरण्या दिसला. धुतलेला, शिंगांना नवे गोंडे. तिनं त्याला विकायला आणला होता. गिऱ्हाईक यायचं, दात बघायचं, खूश व्हायचं, पोळीखाली हात घालायचं आणि हात काढून घ्यायचं. आक्का मग कमरेचा कागद काढायची. घडी उलगडायची. वाचता येत नाही, पण कुठली ओळ कुठं आहे ते तिनं लक्षात ठेवलं होतं. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायची, "वाचा की. छापलंय की हितं. भवऱ्यानं कोन मरत न्हाय."

एक व्यापारी हसला. "कुनी छापलंय गं मावशे? देवानं?"

"आमच्या गावची पोरगी हाय," आक्का म्हणाली. "लई शिकलीया. ती खोटं न्हाय लिवायची."

माझ्या हातात त्याच पत्रकांचा गठ्ठा होता. आमच्यामध्ये एक पिकअप आणि आठ-दहा जनावरं. व्यापारी दुसऱ्या दावणीकडं वळला. तिनं कागदाची घडी घातली, जुन्या घडीवरच, नीट. आणि पुढच्या माणसाची वाट बघत उभी राहिली.

मी गाडीच्या मागून निघाले आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पत्रकं वाटली.